तिरकी खोली

बायकोने चष्म्याचं घर टेबलावर ठेवलं आणि ते आपलं आपण निघालं. सावकाश घसरत कडेपर्यंत गेलं आणि तिथल्या लाकडी पट्टीला टेकून थांबलं.

"अगंबाई," ती म्हणाली. "अहो, हे बघितलंत का?"

सुतार खिडकीतून समुद्र बघत होता. म्हणजे बघितल्यासारखं करत होता.

"आई, जाहिरातीतच होतं तसं," लेक म्हणाली. सहलीची सगळी हौस तिची. "पलंग तिरका, टेबल तिरकं, कपाटाचे खणसुद्धा तिरके. लोक गंमत म्हणून मागून घेतात ही खोली. बाबांच्या हातचं जहाज, त्यात ही शेवटची फेरी, पुढच्या महिन्यात मोडीत निघणार. म्हटलं, राहायचं तर इथेच राहू."

"घरात एक खुंटी वाकडी चालत नाही ह्यांना, आणि झोपायचं इथे." बायको हसून बेजार झाली. "कुठल्या गाढवाने केलं असेल हो हे?"

"असेल कुणीतरी," सुतार म्हणाला.

गाढव तोच होता. एकतीस वर्षांपूर्वी घरांची दारं-खिडक्या करता करता तो गोदीत कामाला लागला आणि ही त्याची पहिली खोली. जहाज तेव्हा पाण्यावर उभं होतं, पण त्यावर धक्क्याच्या बाजूला लोखंडाची रास रचलेली, त्यामुळे एका अंगाला कललेलं. जहाजावरचे जुने सुतार मापं घेतात ती पायाखालच्या पत्र्यावरून. सपाटी दाखवणाऱ्या पाणसळीतला बुडबुडा तिथे कुणी विचारात घेत नाही, कारण जहाज आज असं तर उद्या तसं. ह्याला हे कोण सांगणार? ह्याने वडिलांची पाणसळ काढली, बुडबुडा बरोब्बर मध्यावर आणला आणि तीन दिवस खपून पलंग, टेबल, कपाट सगळं पक्कं ठोकून टाकलं. चौथ्या दिवशी लोखंड हलवलं, जहाज सरळ झालं आणि खोली तिरकी.

गोदी आठवडाभर हसत होती. त्याचं नाव 'पाणसळ' पडलं. उखडून नव्याने करायला वेळ नव्हता, म्हणून खोली तशीच राहिली आणि ह्याची रवानगी सामानाच्या पेट्या ठोकायच्या शेडमध्ये झाली. निवृत्त होईपर्यंत त्याने पेट्याच ठोकल्या.

घरी नवी नवरी. तिने हौसेने विचारलं, जहाजावर काय केलंत? त्याच्या तोंडून निघून गेलं, मधला मोठा जिना. आणि पाणसळ का म्हणतात? काम अचूक म्हणून. बस, तेव्हापासून बायकोने तो जिना गल्लीभर मिरवला. लेकीच्या लग्नात व्याह्यांनासुद्धा ऐकवला. हा आपला बाजूला उभा राहून ऐकायचा.

"चला," बायको पदर खोचत म्हणाली. "आता जिना दाखवा."

जिना खरोखर देखणा होता. बायकोने पहिल्या पायरीपासून कठड्यावर हात ठेवला तो वरपर्यंत उचलला नाही. मध्येच वाकून कठड्याच्या खालून बोट फिरवलं, घरी धूळ बघते तसं. एक अनोळखी बाई उतरता उतरता म्हणाली, "काय सुंदर काम आहे नाही?"

आता ही सांगणार. सुताराने डोळे मिटून घेतले.

"हो, चांगलं आहे," बायको म्हणाली, आणि पुढे काहीच बोलली नाही.

परत आल्यावर लेक चहा आणायला गेली. बायको टेबलाशी बसली. कडेच्या पट्टीखालून तिने बोट फिरवलं, पुन्हा एकदा फिरवलं.

"ही पट्टी कुणी लावली?"

सुतार पुन्हा खिडकीकडे वळला.

"आतून खाच आहे, अंगठा बसेल अशी. आपल्या फडताळाला आहे. पोरीच्या पाळण्याला होती. जिन्याला नाही."

तो पलंगावर बसला आणि त्याने सगळं सांगितलं. पाणसळ, हसू, पेट्या. "पट्टी जेवणाच्या सुट्टीत बसवली," तो शेवटी म्हणाला. "म्हटलं, निदान कुणाचं काही खाली पडू नये."

"व्याह्यांना सांगितलं मी."

"हो."

"आणि तुम्ही ऐकून घेतलंत."

"हो."

"पेट्या ठोकता म्हटलं असतंत, तर मी काय घर सोडून जाणार होते?" तिचा आवाज चढला आणि मध्येच फुटला. "इतकी वर्षं मी तुमच्या डब्यात पोळ्या भरल्या, त्या काय जिन्यासाठी?"

त्याला फार वाईट वाटलं. खोटं बोलल्याचं वाटलंच, पण पेट्यांबद्दल तिला कधी एक शब्दही सांगता आला नाही, याचं जास्त. त्यातल्याही काही चांगल्या जमल्या होत्या.

लेक तीन कप घेऊन दारात आली आणि त्याच वेळी बाहेर वारा उठला. जहाज एका अंगाला कललं आणि कललेलंच राहिलं. बोळात कुणाचं तरी ताट आपटलं, "धरा, धरा" असा गलका झाला. लेकीने कसेबसे कप टेबलावर टेकवले आणि दाराची चौकट धरली. भिंत तिरकी, खिडकी तिरकी, खिडकीतला समुद्र तर भलतीकडेच चाललेला.

टेबल मात्र सरळ होतं.

बायकोने चष्म्याचं घर पट्टीपासून दूर, टेबलाच्या मधोमध ठेवलं. ते हललं नाही. मग तिने चष्मा लावून कपात पाहिलं. चहा काठाला चहूबाजूंनी सारखा होता.

"हे काय गं आई?" लेकीने विचारलं.

"ही खोली तुझ्या बाबांनी केलीय," बायको म्हणाली.

"आणि जिना?"

"जिना दुसऱ्या कुणीतरी केलाय. बरा आहे."

तिने एक कप सुताराच्या पुढे सरकवला. तो अजून टेबलाच्या मधोमध ठेवलेल्या चष्म्याच्या घराकडे बघत होता.

"घ्या," ती म्हणाली. "जहाज सरळ व्हायच्या आत पिऊन घ्या."