पाड्यावर गेलेली साहेबांची खुर्ची

मी एक जुनी सागवानी खुर्ची आहे. हसू नका, मित्रांनो. आमच्या गावात माणसालाही नसेल एवढा मान मला आहे, आणि त्यापायी मला या गावाचीच कीव येते.

खापर गावी झिपरू सुताराने मला घडवलं. "मास्तर बसतील, पोरं शिकतील," असं म्हणत त्याने रंधा मारला. बिचारा! गावठाणच्या जिल्हा परिषद शाळेत आले, तर मुख्याध्यापक हेमकांत सरांनी टॉवेल पांघरवून मला कोपऱ्यात उभं केलं. मी म्हणे तपासणीला येणाऱ्या साहेबांसाठी! वर्षातून एकदा साहेब येणार, बूड टेकणार, चिवडा खाणार, सही ठोकून जाणार. तोवर एखाद्या पोराने हात लावला, की पाठीत धपाटा. असला मान काय चाटायचाय?

नाल्यापलीकडे पाड्यावर दुसरी शाळा होती. एक खोली, अकरा मुलं आणि जागृतीबाई. बाई मुलांबरोबर सतरंजीवरच बसत. साहेबांना ते कसं चालावं? म्हणून रीत पडली. साहेब गावठाणची तपासणी उरकून जेवायला उठले, की मी त्यांच्याआधी पाड्यावर हजर. एकाच खुर्चीवर दोनदा बसून साहेब दोन्ही तक्त्यांत 'आसनव्यवस्था उत्तम' लिहीत. आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं!

यंदाची तपासणी मात्र जिवावरची होती. दोन्ही शाळांची तुलना करून कमी गुणांची शाळा बंद करणार होते. मला न्यायला पाड्यावरचा गोवाल आला. त्याची पोरगी निशा बाईंकडे दुसरीत.

"जपीसन लई जाय रे, टवका उडाले नको!" हेमकांत सर ओरडले. पोरांसाठी त्यांचा जीव इतका कधी कळवळला नाही.

गोवालने मला डोक्यावर घेऊन नाला ओलांडला. साहेब आले, बसले. खोली एवढीशी, की निम्मी मुलं माझ्या पाठीमागे.

"पाठ केलेलं नको. समोर दिसेल ते वाच," साहेबांनी मागे न बघताच निशाला फर्मावलं.

तिच्यासमोर माझी पाठ होती. तिने त्या पाठीवर रंगवलेल्या पांढऱ्या अक्षरांवर बोट ठेवून, एकदाही न अडखळता वाचलं, "जिल्हा परिषद शाळा, गावठाण. खुर्ची, नग एक."

जागृतीबाईंचा चेहरा पडला. साहेब गर्रकन वळले. दारातल्या गोवालला अक्षर कळत नव्हतं, पण त्याची छाती फुगली होती.

"सायेब, पोरीनं बरोबर वाचलं ना?"

साहेबांनी तक्ता पुढे ओढला. वाचनाला दोनपैकी दोन आणि आसनव्यवस्थेला दहापैकी शून्य दिलं. सकाळी गावठाणात पाचवीतला मुलगा पुस्तक धरून मुका उभा होता. पण तिथे मी होते ना! गावठाण पहिलं आलं.

जूनमध्ये पाड्याच्या शाळेला कुलूप लागलं. तीन मोठी मुलं तेवढी नाला ओलांडून गावठाणात येतात. निशा शेळ्यांमागे जाते. गोवाल अजून भेटेल त्याला सांगतो, पोरीनं साहेबाला वाचून दाखवलं.

मित्रांनो, वस्तूंची निगा राखा, असं आम्ही वस्तूंनी शेवटी सांगायचं असतं. मी सांगणार नाही. माझी निगा पुष्कळ झाली, तिची मला शिसारी आली आहे. मला चुलीत घाला, चार भाकरी तरी भाजतील. पण त्याआधी कोणीतरी नाला ओलांडून जा आणि त्या पोरीला शाळेत घेऊन या.