आईचं रक्त लागेल

प्रश्न. मुलाची अर्धी जनुकं कुणाकडून येतात?
(अ) आईकडून (ब)

पुढचे पर्याय आदिनाथला सुचेनात. कॅन्सरमुळे स्वरयंत्र काढल्यापासून लातूरच्या क्लासमध्ये तो शिकवत नाही, प्रश्नपत्रिका काढतो. क्लासवाल्यांनी ठेवून घेतलं, हे उपकारच. आज मात्र तो नांदेडच्या दवाखान्यात बसून आईची, धोंडाबाईची, वाट बघत होता.

कारण असं.
डॉक्टर मुग्धा त्याचीच विद्यार्थिनी. घशाच्या कॅन्सरमध्ये आजार सारखा, उपचार सारखे, तरी काही टिकतात, काही जातात. यात जन्मतः मिळालेल्या जनुकांचा हात असेल का, हे ती शोधते.
"सर, तुमच्यात एक बारीक फरक सापडलाय. तो असलेले जास्त जगलेले दिसतात. दिसतात, एवढंच हं. आईचं रक्त मिळालं तर कुठून आला ते बघू."
त्यानं मान हलवली. तिथंच चुकलं.

त्या कारणामागचं कारण असं.
किल्लारीत भूकंपाच्या पहाटे त्याचे आईबाप गेले. शेजारच्या धोंडाबाईनं त्याला दगडमातीतून ओढून काढलं आणि स्वतःचा म्हणून वाढवलं. पुनर्वसनाच्या नव्या गावात अशा पोरांना 'कुणाचा' म्हणून कुणी विचारत नाही. तिनं कधी सांगितलं नाही, त्याला कळलं होतं, तरी त्यानं कधी विचारलं नाही.

धोंडाबाई आली ती हात पुढं करूनच.
"घे गं बाई, लागंल तेवढं घे. पोराला कमी नको पडाया."
"आजी, एवढीशी नळी पुरे."

मुग्धानं पाकिटातून सुई काढली. मुग्धाच्या कानात सांगता आलं असतं, पण गळ्याला टेकवून बोलायच्या यंत्रातून कुजबुजता येत नाही. न बोलावं तर अभ्यास चुकणार. बोलावं तर आईला…
यंत्र उचललं. ठेवलं. उचललं.

"थांब रे," धोंडाबाई म्हणाली. "मीच सांगते. बाई, ह्ये रक्त त्याच्याशी जुळायचं न्हाई. ठाव हाय मला. पर पोरानं बोलिवलं, न्हाई कसं म्हनू?"

मुग्धानं सुई परत ट्रेमध्ये ठेवली.

"त्याची आई केवळा. तिची बहीण हाय इस्लापूरला, पारूबाई. सख्खी." मग आदिनाथकडं न बघता, "दरसाल तुझी खुशाली सांगून येते मी. तुला बोलले न्हाई. तुला बघून ती म्हनली असती, माझ्या बहिणीचं लेकरू हाय, दे. मग?"

"मावशीच्या रक्तातूनही बरंच कळेल," मुग्धा हळूच म्हणाली. "आजी, तुमचंही घेते. तुलनेसाठी नात्यात नसलेल्यांचंही लागतं."
"नात्यात नसलेल्यांचं. बघ रे, तूच शिकिवलं का हिला?"

आदिनाथ हसला. त्याच्या हसण्याला आता आवाज नसतो, खांदे हलतात.

"अन् आता मागितलं तिनं तर?" धोंडाबाईनं विचारलं. "आयता मास्तर झालेला."
त्यानं यंत्र गळ्याला लावलं. "दोघं जाऊ. तिचे उपकार मानू, तुझ्याकडं राहू दिल्याचे. चहा पिऊ अन् परत येऊ, आई."

तिनं बाही वर सारली. मग मुग्धासमोर हात धरला.
"घे गं. नात्यात नसलेलीचं घे."