स्टिकरवरचं कुंकू

तारादेवी सकाळपासून कम्प्युटरच्या डब्याकडे चोरून बघत होत्या. चूक त्यांची होती आणि सांगायची हिंमत होत नव्हती.

त्यांच्या सुनेची, चांदनीची, दोन वाजता परीक्षा होती. घरबसल्या मुलांना शिकवायची नोकरी. परीक्षाही घरूनच, पण नोंदवलेल्या कम्प्युटरवरच द्यायची. सासऱ्यांनी, सुभाषचंदांनी, आधीच बजावलं होतं, "एकदाच बस. नाही जमलं तर पुन्हा हा विषय घरात नको." म्हसावदच्या त्या घरात आणि पुढच्या कापडदुकानातही त्यांचा शब्द शेवटचा.

आणि नमन! तारादेवींचा मुलगा बायकोसाठी जीव टाकायचा, पण अक्कल मोबाईलकडून उसनी घ्यायचा. महिन्यापूर्वी कम्प्युटरचा बोर्ड बदलला, तेव्हापासून पडद्याच्या कोपऱ्यात 'विंडोज ॲक्टिव्हेट करा' येऊन बसलं होतं. या पठ्ठ्यानं कुठलासा व्हिडिओ पाहून फुकटचं, चोरटं सॉफ्टवेअर घातलं. कोपरा स्वच्छ झाला, हा घरभर मिरवला. काल परीक्षेच्या प्रोग्रामनं ते सॉफ्टवेअर बरोबर हेरलं आणि चालायलाच नकार दिला.

म्हणून शहाद्याहून दुरुस्तीवाला योगेंद्र आला होता. डब्यावरचं स्टिकर लागेल, असं त्यानं सकाळीच फोनवर सांगितलं होतं. सगळं पुसून त्यानं विंडोज नव्यानं टाकलं.

"आते फक्त विंडोजनी की टाकनी शे," तो म्हणाला. "स्टिकरवर पंचवीस अक्षरं ऱ्हातस." त्यानं डबा वळवला. "अरे देवा! हाई काय शे?"

स्टिकरवर तांबडा, जाड पापुद्रा होता. सात दिवाळ्यांचं तूपकुंकू. लक्ष्मीपूजनाला तारादेवी दुकानाच्या गादीला, कापड मोजायच्या गजाला टिळा लावायच्या, तसाच मशीनलाही. बाकी डबा मेला काळाकुट्ट. ती एकच चमकती पट्टी त्यांना टिळ्याजोगी वाटली होती.

योगेंद्रनं पेचकसानं खरवडलं. कागदासकट एक अक्षर उडालं.

"थांब रे मेल्या!" तारादेवी ओरडल्याच. मग सुनेपुढे मान खाली घालून म्हणाल्या, "ते कुंकू माझं आहे. बींदणी, तुझा घात माझ्याच हातानं झाला गं."

चांदनीनं घड्याळाकडे पाहिलं. सव्वा वाजला होता.

तारादेवींनी खोबरेलाची बाटली आणली, कापूस आणला आणि जमिनीवरच फतकल मारली. चाळीस वर्षं देवाच्या मूर्ती पुसणाऱ्या बाईला ठाऊक असतं, तूपकुंकू पाण्यानं निघत नाही, लोखंडानं तर नाहीच. तान्ह्या बाळाचं तोंड पुसावं तसा त्यांचा हात फिरत होता. एकेक अक्षर वर येत गेलं, नमन मोठ्यानं वाचत गेला. चोवीस झाली. उडालेल्या जागी योगेंद्र एकेक अक्षर घालून पाहू लागला. चुकलं. पुन्हा चुकलं. सुभाषचंद गादीवरून उठून आले आणि दाराची चौकट धरून उभे राहिले.

सतराव्या खेपेला योगेंद्र ओरडला, "हुई गयं, काकू!"

दोनला दहा मिनिटं होती. तारादेवींना रडूच फुटलं. चांदनी खुर्चीशी गेली, थबकली आणि परत आली.

"मम्मीजी, मला टिळा लावायचा राहिला."

तारादेवींची बोटं अजून लालच होती. त्यांनी तेच कुंकू सुनेच्या कपाळी टेकवलं, बाहेर येऊन दार लावलं आणि नवऱ्याकडे वळल्या.

"दोन तास दुकानात आवाज चढवायचा नाही. आणि एकदाच-बिकदाच काही नाही हं. नाही जमलं, तर पुन्हा बसेल ती."