रडणारी मोटार

शटर वर गेलं आणि गल्लीतल्या गर्दीत चपलांवर चपला चढल्या. पुढच्यांना मागचे ढकलत होते आणि मागच्यांना त्यांच्याही मागचे. कुणाच्या हातात बाटली होती, कुणाच्या हातात कापूस. एका काकांनी तर भलामोठा कॅनच आणला होता. दुखरे गुडघे दोनच असले तरी माणसाने पुढचा विचार करावा, असं ते सगळ्यांना सांगत होते.

गॅरेजच्या मधोमध ती काळी मोटार उभी होती. गोल दिवे, रुंद मडगार्डं, पितळी कडा, आता कुठल्याच कारखान्यात तयार होत नाही असा घाट. चारी चाकांजवळ चार वाडगे मांडले होते. स्टिअरिंगमागे अश्रूबाबा बसले होते. अंगात पांढरा झगा, मांडीवरून थेट पायांपर्यंत घोंगडी, डोळे मिटलेले.

"मालक आले," बाबा खर्जात म्हणाले. "मालकांना दाटून आलंय. सगळ्यांनी डोळे मिटा. उघड्या डोळ्यांसमोर कुणी रडतं का?"

गर्दीने आज्ञाधारकपणे डोळे मिटले. घरच्या सुनेने तेवढे मिटले नाहीत. तिला घोंगडीखाली बाबांचा डावा गुडघा जरासा वर आलेला आणि परत खाली बसलेला दिसला. बसून बसून पाय अवघडला असेल, असं म्हणून तिने ते सोडून दिलं. बाबांनी मग बराच वेळ पुटपुटणं लावलं. मालकांचा आत्मा आधी इंजिनात उतरतो, तिथून चाकांत जातो, पेट्रोल महाग असल्यामुळे तो हल्ली पेट्रोलवर चालत नाही, वगैरे. ही शेवटची ओळ खरं तर सुनेच्या मनातली. बाबांना विनोदाचं वावडं होतं.

आणि मग एका वाडग्यात टप् असा आवाज झाला. दुसऱ्यात झाला. चारी चाकांपाशी तेलाचे थेंब पडू लागले. बायकांनी पदर डोळ्यांना लावले आणि काकांनी कॅनचं झाकण उघडलं.

पहिला कापूस अर्थात घरधनिणीचा. सासूबाई काठी टेकत पुढे आल्या, खुर्चीवर बसल्या, त्यांनी डाव्या पायाचं फडकं सोडलं आणि अंगठ्याच्या जखमेवर तो तेलाचा बोळा ठेवला. सून हे दर बैठकीला बघत होती. सासूबाईंना साखरेचा आजार. चपलेने घासून झालेली बारीकशी जखम, पण आता अंगठा काळपट पडला होता आणि खोलीत शिरलं की वास यायचा. डॉक्टरीणबाईंनी घरी येऊन बघितलं होतं आणि त्यांचा चेहराच उतरला होता. मोटारीचं तेल जखमेत घालता, असं त्यांनी दोनदा विचारलं, कारण पहिल्यांदा त्यांचा कानांवर विश्वास बसला नाही. ताबडतोब दवाखान्यात आणा, आणखी थोडे दिवस गेले तर नुसता अंगठा नाही, अख्खं पाऊल जाईल, असं त्यांनी बजावलं.

सासूबाई जागच्या हलल्या नाहीत. "ह्यांचे अश्रू आहेत ते," त्या म्हणाल्या. "तुमच्या औषधाने पुसून टाकू?"

नवऱ्याकडून सुनेला फारशी आशा नव्हती. आईच्या श्रद्धेला धक्का लागू नये एवढंच त्याचं म्हणणं.

"श्रद्धेला लागलेला धक्का भरून येईल," ती म्हणाली. "पाऊल परत येणार नाही."

तो वाईट नव्हता बिचारा, पण आईपुढे त्याची नेहमी बोबडी वळायची.

सासूबाईंचा विश्वास बसला होता त्याला कारणही तसंच होतं, आणि हे सुनेला कबूल करावंच लागे. सासरे हयात असताना या मोटारीखाली कायम तेल पडायचं. सासऱ्यांचा रविवार गॅरेजमध्ये जायचा. शटर आतून बंद. आत काय चालतं ते घरात कुणी बघितलं नव्हतं. गाडीचं तेलपाणी चाललंय, एवढं बोललं की विषय संपायचा. सोमवारी फरशीवर तेलाचे डाग असत, सासूबाई बडबडत भुसा टाकून ते पुसत, आणि गाडी म्हातारी झाली, गळायचीच, असं सगळं घर धरून चालायचं. मग गेल्या वर्षी सासरे गेले आणि गाडीची गळती थांबली. फरशी कोरडी ठणठणीत. सासूबाईंनी हे सगळ्यांच्या आधी ओळखलं आणि शेजारणीला रडत सांगितलं की गाडीसुद्धा त्यांच्यामागे आटून गेली. शेजारणीच्या तोंडात तीळ भिजत नाही. आठवड्याभरात अश्रूबाबा दारात हजर. गाडी बघू द्या म्हणाले, आत बसले, आणि आटलेली गाडी परत पाझरली. हे मालकांचे अश्रू, कुठल्याही दुखण्यावर चालतात, असं बाबांनी जाहीर केलं.

आता तर बाबांनी पुढचं पाऊल टाकलं होतं. मालकांना या अंधाऱ्या गॅरेजात कोंडल्यासारखं होतं, गाडी माझ्या मठात आणा, तिथे ते मोकळेपणाने रडतील. येत्या बैठकीला सासूबाई किल्ली देणार होत्या. तोवर गाडीला परक्याचा हात लावायचा नाही, नाहीतर अश्रू आटतील, असा सक्त हुकूम होता.

सून पाणीखात्यात होती. गावभरच्या नळांची गळती हुडकणं हे तिचं काम. रस्त्याला कान लावून पाइप कुठे फुटलाय ते सांगायची. त्या रात्री भांडी विसळताना तिचा हात एकाएकी थांबला. गळती म्हणजे गळती. ती माणूस मेला म्हणून थांबत नाही आणि बाबा आला म्हणून सुरू होत नाही. एखादा नळ कुणी घरात असताना वाहत असेल आणि माणूस गेल्यावर बंद होत असेल, तर त्याला गळती म्हणत नाहीत. कुणीतरी नळ सोडतंय म्हणतात. इतकी वर्षं अख्ख्या घराने सासऱ्यांच्या कामाला गाडीचं म्हातारपण समजून भुसा टाकला होता, आणि त्यात तीही होती. तिला स्वतःचाच राग आला.

दुसऱ्या दिवशी तिने रजा टाकली. दुपारी घर झोपल्यावर ती लांब चोचीची तेलाची डबी घेऊन गॅरेजमध्ये गेली. कुणी हटकलंच तर तेल घालतेय म्हणायचं, आणि ते काही खोटं नव्हतं. वर्षभरात गाडीची दशा झाली होती. दाराच्या बिजागऱ्या केकाटत होत्या, त्यांत तिने थेंब थेंब सोडले आणि दार पुढेमागे करून मुरवले. कुलपाच्या जिभेला तेल दिलं. खाली सरपटत जाऊन स्प्रिंगच्या कमानपाट्यांमधली माती तारेच्या ब्रशने काढली. गाडीला हात लावून कुणाचे अश्रू आटतात ते बघूच, असं ती पाट्यांना म्हणत होती. अंगात नुसता संताप होता आणि हाताला काम मिळाल्याने तो कामी लागत होता.

तिथे खाली तिला तांब्याच्या नळ्या दिसल्या. काडीसारख्या बारीक, पण जिथे जिथे सांधा हलतो तिथे तिथे गेलेल्या. चारी चाकांच्या सांध्यांना, पाट्यांच्या टोकांना. नळ्या म्हणजे तर तिचं रोजचंच काम. एकीवर बोट ठेवून ती उलटी निघाली, आणि बोट तिला बॉनेटखालच्या तेलाच्या छोट्या टाकीपाशी घेऊन आलं. टाकीतून एक दांडा आत, ड्रायव्हरच्या पायांकडे गेला होता.

ती आत बसली. क्लच, ब्रेक, अ‍ॅक्सिलरेटर. तिने सतरंजी उचलली, डॅशबोर्डखाली मान घातली. डावीकडे, क्लचच्याही पलीकडे, वर अंधारात एक चौथं पेडल होतं. बाकी सगळं धुळीने माखलेलं, हे मात्र बुटाच्या तळाने घासून लखलखत होतं. तिने ते दाबलं. जड गेलं. सोडल्यावर ते झटकन वर आलं नाही, हळूहळू, आपल्याच सवडीने वर येत राहिलं आणि टाकीतलं तेल नळ्यांमध्ये रेटत राहिलं. ती उतरून चाकाशी उकिडवी बसली. थोड्या वेळाने टप् असा थेंब पडला.

एका लाथेत साऱ्या सांध्यांना तेल. गाडी बनवणाऱ्यांनीच केलेली सोय. सासरे दर रविवारी हेच करत होते, आणि सांध्यांत मावेना ते तेल सोमवारी फरशीवर येत होतं. तिला हसू आलं आणि पाठोपाठ सासऱ्यांची आठवण येऊन डोळे भरले. खरे अश्रू म्हणायचे तर या गॅरेजमध्ये आजवर हेच.

टाकी रिकामी करून ठेवणं सोपं होतं. पण मग बाबा परक्या हाताच्या नावाने शंख करणार आणि सासूबाई तो खरा मानणार. तिने दुसरं केलं. गळती सापडेना की पाणीखात्यात पाण्यात रंग सोडतात आणि तो कुठे उगवतो ते बघतात. पाण्याचा रंग तेलात मिसळत नाही, म्हणून मेणबत्त्या करणाऱ्या मैत्रिणीकडून तिने मेणात घालायचा निळा रंग आणला, तेलात विरघळवला आणि टाकीत ओतला. चाकांशी निळं दिसेपर्यंत पेडल दाबत राहिली. मग सगळं पुसून घेतलं.

बैठकीला गल्लीत मुंगी शिरायला जागा नव्हती. मालक आले, मालकांना दाटून आलं, डोळे मिटले गेले, गुडघा वर आला. टप्. डोळे उघडले तर चारी वाडग्यांत गडद निळं तेल.

एक क्षण बाबांचाही चेहरा निळा पडला. पण माणूस हुशार. हात उंचावून म्हणाले, "विरहाचा रंग निळाच असतो. शुद्ध झालेला आत्मा असा निळा पाझरतो. शंभर वर्षांत एकदा असं होतं."

गर्दीने श्वास रोखला. काका दुसरा कॅन न आणल्याबद्दल हळहळले. सुनेने पुढे होऊन पिशवीतली बाटली काढली आणि उरलेला रंग शेजारच्या वाडग्यात ओतला. निळ्यात निळं मिसळून गेलं.

"हा मेणबत्त्यांचा रंग," ती म्हणाली. "परवा दुपारी मी गाडीच्या टाकीत घातला. आत्मा शुद्ध झाला असेल तर माझ्या मैत्रिणीच्या दुकानात झाला."

कुणीतरी हसलं. सासूबाई हसल्या नाहीत. काठीवर जोर देत त्या उभ्या राहिल्या.

"तू तेल रंगवलंस," त्या सुनेला म्हणाल्या. "पण रडवलं कुणी?"

प्रश्न बरोबर होता. सून बाबांकडे वळली. "बाबा, घोंगडी काढा. दोन्ही पाय सीटवर घ्या, मांडी घालून बसा. आणि मग मालकांना बोलवा."

बाबांनी खूप सांगितलं. परीक्षा घेणाऱ्याचं वाटोळं होतं, सुनांच्या जिभेमुळे घरं बुडतात, शंका ही आत्म्याला सुईसारखी टोचते. बोलणं वाढत गेलं, पाय मात्र खालीच राहिले. नवरा पुढे आला आणि त्याने घोंगडी ओढायला हात घातला. आईसमोर इतकं धाडस त्याने जन्मात केलं नव्हतं. बाबांनी घोंगडी घट्ट धरली.

तेव्हा सासूबाई बोलल्या. "पाय वर घ्या," त्या बाबांना म्हणाल्या. आवाज अगदी हळू होता. "रडायला माझ्या ह्यांना तुमचे पाय लागत नसणार."

बाबा खाली उतरले. उतरताना झगा दारात अडकला आणि फाटला. मग सुनेने सासूबाईंना हात धरून आत बसवलं, सतरंजी उचलली, चौथं पेडल दाखवलं आणि उजवा, धडधाकट पाय त्यावर ठेवायला सांगितला. सासूबाईंनी दाबलं. सगळी गर्दी उघड्या डोळ्यांनी बघत राहिली. पेडल हळूहळू वर आलं आणि चारी वाडग्यांत थेंब पडले.

"म्हणजे हे दर रविवारी..." सासूबाई म्हणाल्या. मग वाकून त्यांनी अंगठ्यावरचा कापूस काढला, बाहेर फेकला आणि मुलाला म्हणाल्या, "दवाखान्यात ने मला. आत्ता."

बाबा तोवर गल्लीच्या टोकाला पोचले होते. ते पूर्वी जुन्या मोटारींची दलाली करत, हे नंतर कळलं. अशी चौथी पेडलं त्यांनी ढिगाने बघितली होती, आणि मठातून ही गाडी कुठल्या गिऱ्हाइकाकडे जाणार होती तेही ठरलेलं होतं.

अंगठा वाचला नाही. पाऊल वाचलं. आणखी चार बैठका झाल्या असत्या तर तेही गेलं असतं, असं डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं, आणि सुनेने ते घरात कुणाला विसरू दिलं नाही.

लोक अजूनही येतात. चमत्काराची बातमी गावभर जाते, त्याचा उलगडा गल्लीतच राहतो. परवा एक गृहस्थ लांबून गुडघ्यासाठी बाटली घेऊन आले. सून त्यांना समजावू लागली तशी सासूबाईंनी तिला बाजूला केलं, चप्पल काढली आणि चार बोटांचं पाऊल त्यांच्यासमोर धरलं.

"हे बघा तेलाचं फळ," त्या म्हणाल्या. "मला घोंगडी उचलायची लाज वाटली, म्हणून अंगठा गेला. तुम्ही लाजू नका. कुणी चमत्कार दाखवला तर डोळे मिटू नका, वाकून बघा, विचारा. खरा असेल तर तुमच्या विचारण्याने तो पळून जाणार नाही. गुडघा डॉक्टरांना दाखवा. आणि ती बाटली ठेवून जा. रविवारी मला टाकीत तेल भरायला ती लागते."