कीथशिवाय वाजवलेला बेस

इलायस तुस्कानोने जन्मभर दुसऱ्यांच्या गाण्यांत बेस गिटार वाजवली. वसईजवळच्या गिरीजचा हा माणूस ऐन विशीत मुंबईच्या स्टुडिओंत बोलावलं की जायचा, पुढ्यात येईल ते वाजवायचा आणि निघायचा. गाणं कुणाचं, कशासाठी, हे विचारायची त्याला सवयच नव्हती. खरं वेड होतं फंक आणि न्यू वेव्हचं. त्या गाण्यांत बेस मागे लपून राहत नाही, लोक त्याच्यावरच नाचतात. त्याच वेडापायी तो आणि शेजारच्या नंदाखाल गावचा ड्रमर कीथ तरुणपणी बहारीनला आले आणि हॉटेलांतून वाजवता वाजवता दोघांचे केस पिकले. गेली काही वर्षं ते तिथल्याच झल्लाकच्या एका रिसॉर्टमध्ये अँजेला या गायिकेला साथ करत होते.

फावल्या वेळात इलायस अजून रेकॉर्डिंगला जायचा. सलमाबादला एका गोदामाच्या वर रायगडच्या अझहरचा स्टुडिओ होता. ईस्टरच्या आधी अझहरचा फोन आला.

"इलायसभाई, जुनी फंकची गाणी आहेत, पुष्कळ आहेत. बेस तुमचाच पाहिजे."

ड्रम वाजवायला माणूस नव्हता, मशीनचे होते. त्यात आता नवल राहिलं नव्हतं. पण तिसऱ्या गाण्याला इलायसचा हात थबकला. गाणं मूळ पट्टीपेक्षा बरंच खाली लावलेलं होतं. इतक्या खाली ते फक्त अँजेला गायची. पुढचंही तिचंच निघालं, तिच्याच पट्टीत.

"हे कुणासाठी चाललंय रे?" त्याने विचारलं.

"पार्टीने सांगितलं नाही, मी विचारलं नाही," अझहर म्हणाला. "का?"

"काही नाही. पुढचं लाव."

कशासाठी ते त्याला कळून चुकलं होतं: रेकॉर्ड लावून अँजेला गाणार, मग ड्रमरची गरजच उरणार नव्हती. मी नाही तर दुसरा कुणी वाजवेल, असं मनाशी म्हणत त्याने सगळी गाणी पुरी केली. त्या आठवड्यात कीथ रोज त्याच्या शेजारी बसून जेवत होता. इलायसने एकदा विषय काढायचा म्हणून पाणी पिऊन घेतलं, आणि नातीची चौकशी केली.

महिन्याभरात कीथला नोटीस मिळाली. व्हिसा पुढे वाढणार नव्हता. इलायसला मात्र ठेवून घेतलं. गाणाऱ्या बाईशेजारी गिटारवाला दिसला की बरं वाटतं, असं मॅनेजर म्हणाला.

कीथ आपल्या ड्रमच्या झांजा न्यायला दुपारी आला. हॉलमध्ये अँजेला अझहरकडच्या त्या रेकॉर्डवर गाऊन पाहत होती आणि इलायस दाराशी उभा होता. कीथ मान खाली घालून ऐकत राहिला.

"हा तू आहेस," तो म्हणाला.

"हो."

"कधी वाजवलंस?"

"ईस्टरच्या आधी."

म्हणजे नोटिशीच्या आधीच. हा हिशेब कीथने मनात केला असावा, पण बोलून दाखवला नाही. तो म्हणाला, "मशीनबरोबरसुद्धा किंचित मागे राहिलास. माझ्या पायाच्या ठोक्यासाठी थांबायचास, तसाच."

इलायस म्हणाला, "तुला सांगायला हवं होतं मी."

"सांगितलं असतंस तर निदान दोघं मिळून जाऊन भांडलो असतो. खलास. चल, ही पेटी धर."

दोघांनी मिळून झांजांची पेटी गाडीत ठेवली. एअरपोर्टवर येऊ नकोस, असं कीथने सांगितलं आणि इलायस गेला नाही. जायला हवं होतं, हे त्याला विमान सुटल्यावर कळलं.

थंडीत अझहरचा पुन्हा फोन आला. तशीच गाणी, तसंच काम. यावेळी इलायसने आधी विचारलं, "कुठल्या बॅण्डची जागा जाणार आहे?"

अझहर जरा घुटमळला. "जुफेरचा एक बॅण्ड आहे. फिलिपिनो पोरं."

"मग मी नाही येत."

अझहरने वाद घातला नाही. जुफेरच्या पोरांना काढलंच. बेस कुणीतरी दुसऱ्याने वाजवला, आणि इलायसने तो एकदा ऐकलाही. बरा होता.

नकार दिल्यानंतरच्या रविवारी चर्चहून आल्यावर त्याने कीथला फोन लावला. आपण नाही म्हणालो, एवढं त्याला सांगायचं होतं. कीथ गावच्या वाडीतल्या केळींबद्दल बोलत राहिला, मग चर्चमधल्या नातीच्या पहिल्या कम्युनियनच्या विधीबद्दल. बॅण्डचं नावही त्याने काढलं नाही. इलायस हं हं करत राहिला.

"आणि तुझं काय चाललंय?" शेवटी कीथने विचारलं.

"तेच," इलायस म्हणाला. "वाजवतोय."