राखणदारापुढचं गाऱ्हाणं

गाऱ्हाणं घालायला आलेल्या सगुणकाकांनी केळीच्या पानावर रोट ठेवला, शेजारी नारळ ठेवला आणि बाटलीतली थोडी फेणी राखणदाराच्या पाषाणावर ओतली. वास आल्याबरोबर मायोरीच्या कडेवरची गौरवीची मुलगी शिंकली.

"बघ, देवाच्या आदी हिका पावली," सगुणकाका म्हणाले.

विमलाबाई हसल्या नाहीत. त्यांचा मुलगा दत्तप्रसाद, गौरवीचा नवरा, सैन्यात होता. ईशान्येकडच्या डोंगरांत त्याची नेमणूक होती आणि सोमवारपासून त्याचा फोन लागत नव्हता. वेगळं राज्य मागणाऱ्या तिथल्या बंदूकधाऱ्यांशी सरकारची बोलणी गौरवी शाळेत असल्यापासून चालू होती. ती फिसकटली की गोळीबार, मग पुन्हा बोलणी. या वेळी फिसकटल्याचं तिने मोबाइलवर वाचलं आणि गुपचूप टीव्हीची केबल काढून ठेवली. सासूला सांगितलं, केबलवाला येतो म्हणालाय.

मायोरी त्याच डोंगरांतली. जवळच मांद्र्याला पार्लरमध्ये कामाला, आणि यांच्या मागच्या खोलीत भाड्याने. सुट्टीच्या दिवशी ती बाळाला हक्काने घ्यायची. मागे एकदा कपडे वाळत घालताना तिने फोटो दाखवला होता. धाकटा भाऊ, हिरव्या गणवेशात.

"आर्मी?" गौरवीने विचारलं होतं.

"आमचा आर्मी," मायोरी म्हणाली होती, आणि ओली चादर झटकत राहिली होती.

गौरवीने हे घरात कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दिवस मावळायच्या आत खोली रिकामी झाली असती. मात्र तेव्हापासून बाळ तिच्याकडे देताना गौरवीचा हात क्षणभर अडायचा. तरी ती द्यायची.

"हात जोडा," सगुणकाका म्हणाले आणि त्यांनी आवाज चढवला. "बा राखणदारा म्हाराजा! आज विमलाच्या घरच्यांनी तुका रोट दिलो हा, तो गोड मानून घे!"

"व्हय म्हाराजा!"

प्रत्येक मागण्यानंतर सगळ्यांनी असं म्हणायचं, एवढं मायोरी दोन वर्षांत शिकली होती. गाऱ्हाण्याचे जुने शब्द तिला कळत नसत, पण होकार ती मनापासून द्यायची.

"तिचो झील दत्तप्रसाद परमुलकात देशाची राखण करता. त्येच्या पायात काटो मोडूक देव नको!"

"व्हय म्हाराजा!" गौरवीचा आवाज सगळ्यांत मोठा.

"आनी त्येच्यार जो कोण हत्यार उगारीत, त्येचा निसंतान कर! त्येच्या घरात दिवो लावूक सुदीक कोण ठेव नको!"

"व्हय म्हाराजा!"

विमलाबाईंचा आवाज कातरला. गौरवीने या वेळी होकार दिलाच नाही. मायोरीचा तेवढा खणखणीत आला. बाळाचा इवला हात तिने आपल्या हातात धरून उंच केला होता.

सगुणकाकांनी नारळ उचलला.

"काका, थांबा." गौरवी पुढे झाली. "ते शेवटचं परत घ्या."

"घातलेला गाऱ्हाणा परत? बाये, ह्यो काय मोबायल, पुसून टाकूक?"

"मग त्यावर दुसरं घाला."

"कित्याक?" विमलाबाई वळल्या. "तुझ्याच घोवासाठी घातला मगे?"

गौरवीने मायोरीकडे पाहायचं टाळलं. "हत्यार उगारायची पाळीच येऊ नये म्हणा."

"कोणार?" सगुणकाकांनी विचारलं. "देवाक नीट सांगूक होया. दत्तप्रसादार?"

"दोगांयर," गौरवी म्हणाली. "ह्या बाजूच्यार आणि त्या बाजूच्यार."

सगुणकाकांनी खांदे उडवले, पण मागणं घातलं, तिने सांगितलं तसंच, दोन्ही बाजू घेऊन.

"व्हय म्हाराजा!" मायोरी म्हणाली.

"व्हय म्हाराजा," गौरवी म्हणाली.

विमलाबाईंचा होकार आला नाही. त्यांनी सुनेकडे पाहिलं आणि मग मायोरीकडे, जरा जास्तच वेळ. विमलाबाई दोन पावलं चालत गेल्या आणि त्यांनी मायोरीच्या कडेवरून नातीला काढून घेतलं.

हात मोकळे झाल्यावर मायोरीने ते नीट जोडले.