वीस स्वच्छ नमुने

पांढरीच्या पोटात उतरायचं तर नकाशापेक्षा बाबा बरे, हे कंपनीच्या व्यवस्थापकानेच सुचवलं होतं. एकेचाळीस वर्षं प्रवाशांना हिंडवून बोट आता भंगारात निघाली होती. तिच्यात विषारी असं काय काय आहे याची यादी झाल्याशिवाय तोडणाऱ्यांनी तिला हात लावायचा नाही, असं निदान कायदा तरी म्हणत होता. ती यादी करायचं काम प्रयोगशाळेने बाबांच्या मुलीवर सोपवलं. रसायनशास्त्राची पदवी घेऊन तिला दीड वर्ष झालं होतं आणि एवढं मोठं काम एकटीच्या नावावर पहिल्यांदाच आलं होतं. बाबांची तीस वर्षं याच बोटीच्या इंजिनखोलीत गेली होती. फोरमन होऊन ते आठ वर्षांपूर्वी निवृत्त झाले.

"सातव्या पायरीला जपून. फसवी आहे," बाबा बॅटरी धरून पुढे उतरत म्हणाले. "आणि तोंडाला एवढं थोरलं काय बांधलंयस? माकडासारखी दिसतेस."

"मास्क आहे. तुमच्यासाठीही आणलाय."

"तीस वर्षं इथलीच हवा खाल्ली. आता कुठे नाक मुरडू?"

वर धक्क्यावर लोकांची रीघ लागली होती. पांढरीवर ज्यांचं लग्न जमलं, ज्यांच्या आईवडिलांनी आयुष्यातली एकुलती एक सफर केली, ते सगळे तिच्या अंगावर चिठ्ठ्या चिकटवून जात होते. कुणी नाचघरातल्या झुंबराचा लोलक मागत होतं, कुणी खोलीच्या दाराचा आकडा. शहराचा बोटीवर फार जीव, पण तो जीव भोजनगृहाच्या खाली कधी उतरला नव्हता. खाली नुसते पाइप होते, माणसाच्या मांडीएवढे जाड, पत्र्यात गुंडाळलेले. दर दोन हातांवर एक निळी पट्टी आणि तिच्यावर छापलेलं: ॲसबेस्टॉस काढले आहे. जुन्या बोटींत गरम पाइपांवर तेच गुंडाळत, आणि त्याची धूळ फुप्फुसं खाते.

ती आधी फवाऱ्याने पाणी मारायची, म्हणजे धूळ उडत नाही. मग पत्र्याखालच्या वेष्टणाचा बोटाच्या पेराएवढा तुकडा चाकूने कापायची, एका पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, वर आकडा. भोकावर चिकटपट्टी.

"हा घे. आणि तो वळणावरचा," बाबा दाखवत. "मागे बॉयलरकडे चल, तिथलेही चार घे. म्हणजे कुणी म्हणायला नको की एकाच जागचे घेतले."

काम इतक्या झटपट होईल असं तिला वाटलं नव्हतं. दुपारपर्यंत वीस नमुने झाले. ती मनातून खूश होती. लहानपणी बाबा सहा सहा महिने या पोटात गडप व्हायचे. आज पहिल्यांदाच ते तिला हाताला धरून त्यांच्या जगातून फिरवत होते.

घरी जिन्याखालच्या खोल्यांमध्ये काकू राहायच्या, बाबांच्या धाकट्या भावाच्या बायको. काकाही पांढरीवरच कामाला होते; सहा वर्षांपूर्वी ते फुप्फुसाच्या आजाराने गेले. आई त्याच्याही आधी गेली होती, तेव्हापासून बापलेकींचं जेवण खाली काकूंकडेच असायचं.

"आल्या का शास्त्रज्ञीणबाई?" ताटं मांडत काकूंनी विचारलं. "काय सापडलं? सोनं?"

"अजून बघायचंय, काकू."

"बघ बाई. ह्यांनी अख्खी जवानी घातली त्या बोटीत. काहीतरी निघू दे."

शुक्रवारी तिने वीसही नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्याची युक्ती सोपी असते. प्रकाश दोन आडव्याउभ्या गाळण्यांतून सोडला की काचेचा तंतू काळोखात नाहीसा होतो, ॲसबेस्टॉसचा मात्र लखलखतो. वीसच्या वीस वेळा काळोख. नवं काचेचं वेष्टण. कंपनीच्या नोंदवहीतही तेच होतं: बाबा फोरमन असतानाच्या नऊ वर्षांत, तीन वेळच्या गोदीकामांत, म्हणजे बोट दुरुस्तीला गोदीत लागली तेव्हा, सगळं जुनं वेष्टण काढून नवं बसवलं. तिन्ही पानांखाली फोरमनची, म्हणजे बाबांची, वळणदार सही. ती पाहून तिला बरंच वाटलं होतं.

चार वाजता व्यवस्थापकाचा फोन आला. "मॅडम, पूर्ण अहवाल सावकाश द्या हो. आज आत्तापर्यंतचं जे काही असेल ते एका कागदावर पाठवता का? वरून विचारणा आहे."

तिने लिहिलं: तपासलेल्या वीसही नमुन्यांत ॲसबेस्टॉस आढळले नाही. सही केली आणि पाठवून दिलं.

शनिवारी सकाळी ती पूर्ण अहवालासाठी मोजमापं घ्यायला बसली. तंतूंची जाडी, आणि तंतूंना धरून ठेवणाऱ्या राळेचा रंग. पहिला नमुना, सात मायक्रॉन, हिरवट पिवळी राळ. दुसरा तसाच, आणि तिसरा. बाराव्यापर्यंत पोचल्यावर तिने पेन खाली ठेवलं. नऊ वर्षांत तीनदा माल आला, तर तो तीन तऱ्हेचा नको का? निदान दोन तरी? पुढचे आठही तिने पाहिले. वीसही तुकडे जणू एकाच गठ्ठ्यातून कापले होते. म्हणजे बाबांनी दाखवलेल्या सगळ्या जागा एकाच गोदीकामातल्या होत्या. बाकीच्या दोन गोदीकामांचं वेष्टण कुठे होतं?

बोटीच्या फासळ्यांना आकडे असतात. तिने संगणकाकडून त्यातले दहा आकडे काढून घेतले, कुणाच्याही मनातले नव्हेत असे, आणि एकटीच पांढरीत उतरली. पहिल्याच जागी निळी पट्टी होती, पत्रा होता, खाली बोटभर जाडीचा नवा थर होता. चाकू आणखी आत गेला तेव्हा करड्या चुन्यासारखं काहीतरी भुसभुशीत लागलं.

प्रयोगशाळेत परतून पाहिलं, तर दहापैकी आठ नमुने लखलखले.

तिने तिथूनच व्यवस्थापकाला फोन केला आणि पूर्ण अहवाल येईपर्यंत बोट हलवू नका म्हणून सांगितलं.

"सोमवारी आणा की. शनिवार-रविवारी कसली बोट हलतेय?" तो म्हणाला. "उद्या निरोपसमारंभ आहे, माझ्या नाकी नऊ आलेत."

संध्याकाळी ती घरी गेली तेव्हा बाबा समारंभासाठी बुटांना पॉलिश करत होते.

"बाबा, तुम्ही मला वीसही जागा एकाच गोदीकामातल्या दाखवल्यात."

ब्रश थांबला. "कोण म्हणालं?"

"राळ म्हणाली."

"राळ!" बाबा हसले, पण ते हसू ओठांवरच राहिलं. "माणसं गप्प बसली तर आता राळ बोलायला लागली."

"आत जुनं तसंच आहे. वरून नवं गुंडाळलंय."

त्यांनी बुटात हात घालून तो उजेडात धरला, चमक बघितली. मग सांगायला लागले. पहिल्या वेळी तपासनीस उभा होता, तेव्हा खरंच काढलं. दुसऱ्या वेळी सफर चार दिवसांवर आली होती आणि बाराशे प्रवाशांची तिकिटं विकली गेली होती. साहेब म्हणाले, वरून गुंडाळा, पट्ट्या लावा, पुढच्या खेपेला बघू. पुढच्या खेपेला कुणी बघितलं नाही. "सही केली नसती तर दुसऱ्याने केली असती. मी घरी बसलो असतो आणि तू शिकली नसतीस."

"काकाला माहीत होतं?"

बाबांनी दुसरा बूट उचलला.

काकांना बोटीवर बाबांनीच चिकटवलं होतं, पहिल्या गोदीकामानंतर. जुने पाइप कापून नवे जोडायचे, हे त्यांचं काम. निळी पट्टी दिसली की ते तोंडाचं फडकं काढून ठेवायचे आणि गाणी म्हणत कापायचे. हे बाबाच पूर्वी हसत हसत सांगायचे.

"त्याच्या तोंडात कधी तीळ भिजला नाही," बाबा म्हणाले. "सकाळी सांगितलं असतं तर दुपारी कप्तानाच्या कुत्र्यालासुद्धा कळलं असतं."

"डॉक्टरांनी विचारलं, सिगारेट ओढता का. काका म्हणाला, लग्नात सोडली. तुम्ही शेजारी होतात. काय म्हणालात?"

"मला आठवत नाही."

"मला आठवतं. मी दाराशी उभी होते. तुम्ही म्हणालात, सोडली म्हणतो, पण बोटीवर कोण बघायला येतं?"

बाबांनी डबीचं झाकण लावलं. ते नीट बसेना. "आता ते उकरून काय मिळणार आहे? शुक्रवारचा कागद गेलाय ना? तेवढ्यावर राहू दे. झाकली मूठ."

"पांढरीचे पाइप गॅसने कापतील, बाबा. शेकडो माणसं. तोंडाला फार तर रुमाल."

"ती कोण लागतात आपली?"

"काका तर लागत होता."

"तुझं काय जातं बोलायला!" बाबांचा आवाज चढला आणि लगेच, खाली ऐकू जाईल म्हणून, उतरला. "तू हे लिहिलंस की नोंदवही बाहेर येईल. तीन पानांवर माझी सही आहे. खाली ती बाई रोज मला गरम गरम वाढते. तिला काय तोंड दाखवू?"

"सोमवारी अहवाल देणार आहे मी. त्याच्या आत तुम्हीच सांगा तिला."

रविवारी बाबांनी सांगितलं नाही. समारंभात त्यांना शाल मिळाली. काकूंना काकांच्या नावाने एक लाकडी पाटी मिळाली, वर पांढरीचं चित्र कोरलेलं. बाबांना दोन शब्द बोलायला सांगितलं. "या बोटीने आम्हाला कधी दगा दिला नाही," ते म्हणाले, आणि काकूंनी डोळे पुसत टाळ्या वाजवल्या. बँड वाजला, ओढून नेणाऱ्या दोन टग-बोटींनी पांढरीला धक्क्यावरून सोडवलं. बाहेरच्या नांगरावर नेऊन ठेवणार असं निवेदक म्हणाला. लोकांनी रुमाल हलवले.

सोमवारी नऊ वाजता तिने अहवाल व्यवस्थापकाच्या टेबलावर ठेवला. त्याने पहिलं पान वाचलं आणि चहाचा कप बाजूला सारला.

"मॅडम, हे वरातीमागून घोडं. बोट कालच गेली."

"नांगरावर ना?"

"नांगरावर मालक बदलला. झेंडाही बदलला, म्हणजे देशही. आता ती भर समुद्रात असेल. आमचा तिच्याशी संबंध नाही."

"कुठल्या यादीवर गेली?"

"तुमच्याच की! शुक्रवारच्या." त्याने फाइल उघडून दाखवली. "वीसही नमुने स्वच्छ. तोडणाऱ्यांना फार आवडली."

"ती प्राथमिक होती. तुम्हीच म्हणालात, आत्तापर्यंतचं पाठवा."

"तसं लिहिलं नव्हतं त्यावर."

तिने कागद हातात घेतला. खरंच लिहिलं नव्हतं. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. खाली तिची सही होती.

तिने दुसरा अहवाल नव्या मालकाला पाठवला, तोडणीच्या आवाराला पाठवला, सरकारी कचेरीलाही पाठवला. कचेरीचं उत्तर तेवढं आलं, ते गुरुवारी. त्यांनी नम्रपणे विचारलं होतं: एकाच तपासनिसाच्या दोन परस्परविरोधी अहवालांपैकी कोणता ग्राह्य धरावा, आणि पहिला चुकीचा असल्यास तो का दिला गेला? खुलासा आल्यावर, मनुष्यबळाच्या उपलब्धतेनुसार, विचार होईल. तोवर बोट तोडणीच्या किनाऱ्याला लागली होती. बातमीत फोटो होता, आणि बातमी खूप हळवी होती.

त्या दिवशी ती घरी आली आणि वर न जाता काकूंकडे शिरली. काकू भाजी निवडत होत्या. ती समोर बसली आणि क्रमाने सगळं सांगितलं. राळ, आठ नमुने, निळी पट्टी, नोंदवही. ऐकता ऐकता निवडलेली भाजी आणि देठं काकूंच्या हातून एकाच ढिगात पडायला लागली.

"म्हणजे त्यांनी सिगारेट खरंच सोडली होती," त्या म्हणाल्या.

"हो, काकू."

"मी त्यांचे खिसे हुंगायची. दवाखान्यातसुद्धा. शेवटच्या आठवड्यात मला म्हणाले, अगं, आता तरी विश्वास ठेव. मी म्हटलं, तुमच्या भावाला विचारा." त्यांनी हातातलं देठ खाली ठेवलं. "विचारलं असेल का गं त्यांनी?"

तिला माहीत नव्हतं. तसं तिने सांगितलं.

"आणि आता ते पाइप कापणारे? त्यांना कळलं का?"

"नाही. त्यांच्याकडे माझा पहिला कागद आहे. स्वच्छ म्हणून."

"त्यावर तुझी सही?"

"माझीच."

काकूंनी तिच्याकडे पाहिलं, परक्या घरातून कुणी काही मागायला आल्यासारखं. मग उठून दोन डबे काढले, चुलीवरचं जे शिजलं होतं ते अर्धं अर्धं त्यांत भरलं, झाकणं घट्ट लावली आणि डबे तिच्या पुढ्यात ठेवले.

"हे आजचं. उद्यापासून तुमचं तुम्ही बघा."

"काकू, मी मुद्दाम नाही..."

"तुझे बाबाही मुद्दाम नाहीच म्हणतील. जा तू वर."

ती डबे घेऊन जिना चढली. बाबा हातपाय धुऊन, खाली जेवायला निघायच्या बेतात दारातच उभे होते.

"आज डबे कशाला?" त्यांनी विचारलं.

"काकूंना सांगितलं मी."

बाबांनी कठड्याला धरून खाली पाहिलं. काकूंच्या दाराची कडी आतून लागल्याचा आवाज आला. मग ते आत आले. आई गेल्यापासून वरच्या घरात ताटंच नव्हती, म्हणून दोघं डब्यांतूनच जेवायला बसली.